पूल लागायच्या आत

माझ्या शेजारच्या आर्लिसबाई निएमी घरी बसून कधी विणत नाहीत. त्यांचं सगळं विणकाम मोटारीत होतं, इंजिन बंद करून, पुलाच्या अलीकडे नाहीतर पलीकडे.

आमची वस्ती वाळूवर आहे. एका अंगाला बंदराचं संथ पाणी, दुसऱ्या अंगाला सरोवर, आणि मधोमध सहा-सात मैल लांब गेलेली वाळूची अरुंद पट्टी. तिला सगळे पॉइंट म्हणतात. डुलुथ शहर समोरच्या डोंगरावर चढत गेलंय. शहर आणि पॉइंट यांच्यामध्ये जहाजांसाठी खणलेला कालवा आहे आणि कालव्यावर एकच पूल. जहाज आलं की हा पूल सपाटच्या सपाट वर उचलला जातो, खिडकीचं तावदान वर सरकवावं तसा. जहाज त्याच्या पोटाखालून जातं, आणि तोवर पॉइंटवरची माणसं जिथं असतील तिथं थांबतात. याला आम्ही ‘पूल लागला’ म्हणतो. उशीर झाल्याचं हे एकच कारण असं आहे, की ते शाळेत, दवाखान्यात, चर्चमध्ये, कुठंही चालतं आणि कुणी उलटतपासणी करत नाही.

आर्लिसबाईंनी मात्र हे कारण कधी दिलं नाही. त्या लग्न होऊन पॉइंटवर आल्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. त्यातली सव्वीस वर्षं त्यांनी शहरातल्या शाळेच्या मुदपाकखान्यात काढली, आणि चारशे पोरांचं जेवण एकदाही उशिरा लागलं नाही. त्याचं श्रेय त्यांच्या कानाला. पूल उचला असं सांगणारा जहाजाचा भोंगा ठरलेला असतो: एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब, पुन्हा एक आखूड. हा भोंगा कानावर पडला की आर्लिसबाईंचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. पूल लागायच्या आत पलीकडे पोचायचं, एवढंच त्या पायाला कळतं. मोटारीत तर तो दाबला जातोच, पण चर्चच्या बाकावर बसलेल्या असतानाही मी तो दाबला जाताना पाहिलाय. त्यांचे यजमान वाइनो, तेव्हा होते, म्हणायचे, “लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हा भोंगा झाला असता, तर ही ‘हो’ म्हणायच्या आत पलीकडे पोचली असती.”

वाइनोंना शेवटचं पोचवायला निघालो त्या दिवशीही पूल लागला होता. शवपेटीची गाडी पुढं, मागे आर्लिसबाईंची मोटार, आणि समोर हजार फुटी जहाज, सावकाश. पंचवीस मिनिटं लागली. आर्लिसबाईंनी पिशवीतून सुया काढल्या आणि विणायला घेतलं. नंतर कुणीतरी हळहळलं, तर म्हणाल्या, “मला नव्हती घाई. आणि वाइनोला तर नव्हतीच.”

सांगायचं ते हे, की जहाज म्हणजे आम्हा पॉइंटवाल्यांना वाटेतला अडथळा. पाहुणे पाचशे मैलांवरून जहाज पाहायला येतात आणि आम्ही ते चुकवायला दहा मिनिटं आधी घरातून निघतो. आर्लिसबाईंच्या माडीवर दोन खोल्या आहेत. उन्हाळ्यात त्या पाहुण्यांना देतात. येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य ठरलेलं, “आधी अंग झाका, मग डोळे उघडा.” कारण डोंगरावर घाम येत असला तरी काठाला वारा सुटलेला असतो, आणि अर्ध्या चड्डीत आलेले लोक तासाभरात निळे पडून परत येतात. त्यांच्यासाठी आर्लिसबाईंनी स्वयंपाकघराच्या दारावर शहरात काय काय पाहायचं ते स्वतःच्या अक्षरात लिहून लावलंय. दीपगृह, गुलाबांची बाग, डोंगरावरचा दगडी मनोरा, जुन्या आगगाड्या, धुरी दिलेला मासा कुठं चांगला मिळतो ते. यातलं त्यांनी स्वतः शेवटचं कधी पाहिलं, असं एकदा मी विचारलं होतं. “मासा गेल्या आठवड्यात,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या पाहुण्यांत सर्वांत जुने सेल्मर ट्वेट. उत्तर डकोटातले गव्हाचे शेतकरी. अकरा वर्षांपूर्वी बायकोला, व्हर्नाला, घेऊन पहिल्यांदा आले. तिला गुलाब पाहायचे होते आणि यांना जहाज. तेही कुठलंही नाही. खनिज वाहणारी लांबलचक जहाजं तर रोजच येतात-जातात. त्यांना पाहायचं होतं ते समुद्रावरून, नदी नि सरोवरांच्या वाटेनं आलेलं, धान्य भरून परत समुद्राकडे निघालेलं जहाज. कारण सेल्मर पेरायचे तो कठीण, पिवळसर गहू डुलुथच्या धान्यकोठ्यांत येतो आणि इथून जहाजानं इटलीला जातो, तिथं त्याची मॅकरोनी होते. पन्नास वर्षं ते गहू ट्रकमध्ये घालून गावच्या कोठीपर्यंत पोचवत आले. पुढची पाठवणी काही त्यांनी पाहिली नव्हती.

आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. सेल्मर यायचे जुलैत, चार दिवस, कारण पुढं कापणी. एका वर्षी धान्याचं जहाजच बंदरात नव्हतं. एका वर्षी होतं, पण पाऊस लागला. पावसात धान्य भरत नाहीत, जहाजाची झाकणं लावून बसतात. एका वर्षी सेल्मर निघून गेल्यावर चार तासांनी जहाज सुटलं. सहा वर्षांपूर्वी व्हर्ना गेली. सेल्मर त्यानंतरही येत राहिले. तिच्या वाटची गुलाबांची बाग पाहायची, दहा मिनिटं बाकावर बसायचं, आणि मग आपल्या वाटच्या जहाजाची वाट पाहायची.

यंदा जुलैत ते आले नाहीत. आर्लिसबाईंनी खोली रिकामी ठेवली, दुसऱ्या कुणाला दिली नाही. सप्टेंबरात फोन आला. शेत पुतण्याला कसायला दिलं, म्हणाले, त्यामुळे यंदा कापणी नाही, ऑक्टोबरात आलो तर चालेल का?

बुधवारी दुपारी त्यांचा पिकअप दारात थांबला. चौऱ्याहत्तर वर्षांचा उंच, वाकलेला माणूस, डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी, अंगात नुसता शर्ट.

“स्वेटर?” आर्लिसबाईंनी दारातूनच विचारलं.

“आणलाय.”

“अंगात का नाही?”

“बाई, उणे चाळिशीत गुरांना चारा घातलाय मी.”

“ती कोरडी थंडी. आमची ओली असते. घाला.”

त्यांनी घातला. मग कॉफी घेताना त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या हातचा शेवटचा गहू गेल्या वर्षीचा. तो त्यांनी घरच्या कोठारात राखून ठेवला होता. यंदा ऑगस्टमध्ये तो गावच्या कोठीवर घातला, तिथून तो आगगाडीनं डुलुथला आला. आणि आता बंदरात ‘आर्दिता’ नावाचं जहाज इटलीसाठी गहू भरतंय, हे त्यांनी घरूनच विचारून घेतलं होतं.

“यंदापासूनचा गहू लार्सचा. माझा नाही,” ते म्हणाले. लार्स म्हणजे पुतण्या. “त्यामुळे बघायचं तर हेच. रविवारी लार्सच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे, मी धर्मपिता. पहाटे निघायलाच हवं. म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंत सुटलं तर सुटलं.”

“पण त्यात तुमचाच गहू असेल कशावरून? हजार शेतकऱ्यांचा एकत्र होतो तिथं.”

“मग हजारांत मी नाही का? ओंजळभर तरी असेल की.”

आर्लिसबाईंनी फोन उचलला. जहाजांच्या वेळा सांगणारा नंबर त्यांना तोंडपाठ. आजवर तो त्यांनी जहाज टाळण्यासाठीच फिरवला होता. कानाला लावून ऐकलं आणि म्हणाल्या, “शनिवार दुपार. पाऊस नाही पडला तर.”

गुरुवारी पाऊस पडला.

दिवसभर नुसतं बसून छपरावरचं पाणी ऐकण्यात अर्थ नव्हता. आर्लिसबाईंनी छत्री घेतली आणि म्हणाल्या, “चला, माझी यादी करून टाकू.” त्या स्वतः कुठल्या पाहुण्याबरोबर यादीतलं पाहायला निघाल्या, असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. खिडकीतून मी त्यांची मोटार जाताना पाहिली तेव्हा मला वाटलं, कुणी आजारी आहे की काय.

बागेत गुलाब संपत आले होते. माळी थंडीची तयारी करत होते. इथं ते गुलाबाच्या झुडपाच्या एका बाजूची मुळं सैल करतात, शेजारी चर खणतात, झुडूप हलक्या हातानं त्यात आडवं करतात आणि वर माती नि पालापाचोळा घालतात. वसंतात पुन्हा उभं करतात. जुलैत येणाऱ्या सेल्मरनी हे कधी पाहिलं नव्हतं. ते छत्रीखाली बराच वेळ उभे राहिले.

“आमच्याकडे थंडीत झुडूप गेलं तर गेलं म्हणतात,” ते म्हणाले. “इथं निजवतात.”

“तुमच्याकडे जागा मुबलक. गेलं तर दुसरं लावाल.”

“व्हर्नाला हे आवडलं असतं.”

“तिला बाकावर बसायला आवडायचं,” आर्लिसबाई म्हणाल्या. “बाक ओला आहे. या, माझी पिशवी घाला खाली.”

दहा मिनिटं बसून झाल्यावर दोघं मनोऱ्यावर गेले. तिथून खालचं सगळं बंदर दिसतं असं आर्लिसबाईंच्या यादीत लिहिलंय. त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की कठड्यापलीकडे नुसता पांढरा कापूस. पण पायऱ्या चढून आलो ते फुकट घालवायचं नाही म्हणून आर्लिसबाईंनी बोटानं दाखवायला सुरुवात केली.

“तो पूल. त्याच्या उजवीकडे माझं घर. त्या तिथं धान्यकोठ्या. आणि तिथं, जरा डावीकडे, तुमचं जहाज.”

“केवढं मोठं आहे,” सेल्मर धुक्याकडे बघत म्हणाले.

“झाकणं लावलीयत. भिजत नाहीये तुमची ओंजळ, काळजी नको.”

हसताना आर्लिसबाईंना धाप लागली. त्या मनोरा चढल्याला एकोणीस वर्षं झाली होती, हे त्यांना उतरताना आठवलं. पायथ्याशी येऊन त्यांनी धुरी दिलेला मासा घेतला आणि मोटारीतच, मांडीवर कागद पसरून, राय नावाच्या धान्याच्या कडक पोळीबरोबर दोघांनी खाल्ला. “काटे कागदात,” आर्लिसबाईंनी बजावलं, “आणि हात माझ्या सीटला पुसायचे नाहीत.” सेल्मरनी ते इमानदारीनं स्वतःच्या पँटला पुसले.

शुक्रवारी आभाळ मोकळं झालं आणि भरणं पुन्हा सुरू झालं. दोघं जुन्या आगगाड्या पाहून आले. तिथं एका डब्यावर सेल्मरना त्यांच्या लहानपणी गावात यायच्या त्या गाडीचा रंग सापडला, आणि त्यांनी तिथल्या रखवालदाराला अर्धा तास त्याबद्दल ऐकवलं. आर्लिसबाई म्हणतात एक तास. येताना दोनदा पूल लागला. एकदा त्यांनी मोज्याची टाच संपवली, एकदा सेल्मरना सुया धरून दाखवायला लावल्या आणि ते त्या किती वाईट धरतात हे साऱ्या पॉइंटला सांगितलं.

शनिवारी सकाळी कालव्याकाठच्या, जहाजांच्या वेळा लावतात त्या फलकावर आलं: ‘आर्दिता’, दुपारी दोन.

कालव्याच्या शहराकडच्या काठाला लांब भिंत आहे. जहाज तिथून इतकं जवळून जातं की डेकवरच्या माणसाला हाक मारता येते. लोक तासन्‌तास आधी येऊन जागा धरतात. आर्लिसबाईंनी बाराच्या सुमारास भिंतीला लागून दोन घडीच्या खुर्च्या टाकल्या, गुडघ्यांवर घोंगडी घेतली, थर्मास दोन खुर्च्यांच्या मधे ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या जहाजाची वाट पाहत बसल्या होत्या, आणि हे त्यांना जरा अवघड वाटत असावं, कारण ओळखीचं कुणी दिसलं की त्या आपण होऊन सांगत, “पाहुण्यांसाठी बसलेय.”

दोनाचे चार झाले. फलकावर चाराचे सहा आले. वारा सरोवरावरून सरळ येत होता आणि सेल्मरचं नाक लाल झालं होतं, पण उणे चाळिशी एकदा बोलून गेल्यामुळे त्यांना काही म्हणता येत नव्हतं.

“चला,” आर्लिसबाई म्हणाल्या. “सहाला दोन तास आहेत. वरच्या रस्त्यावर ताजा वेलदोड्याचा पाव मिळतो. गरम होऊन परत येऊ.”

“जागा जाईल.”

“खुर्च्या आहेत ना. डुलुथमध्ये भिंतीवरच्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. घोंगडी पण राहू दे.”

दोघं मोटारीनं वर गेले. पाव घेतला, कॉफी घेतली, वीस मिनिटांत परत फिरले. सेल्मरच्या मांडीवर गरम पावाची कागदी पिशवी. मोटार उतार उतरून कालव्याच्या रस्त्याला लागली. समोर पूल, पुलाच्या अलीकडे उजव्या हाताला मोटारी लावायची जागा. तिथं वळायचं होतं.

तेवढ्यात, फलकावरच्या वेळेच्या दीड तास आधीच, बंदराच्या बाजूनं भोंगा झाला. एक लांब. एक आखूड. पुन्हा लांब. पुन्हा आखूड.

आर्लिसबाईंचा पाय खाली गेला.

पुढच्या वीस सेकंदांबद्दल दोघांचं सांगणं वेगवेगळं आहे, पण एवढं जुळतं: मोटारीनं वळण सोडलं, लुकलुकणारा पिवळा दिवा मागे टाकला, पुलाच्या लोखंडी जाळीवर चाकं गुणगुणली, आणि मोटार पॉइंटच्या बाजूला उतरली तेव्हा मागे घंटा वाजायला लागली होती नि फाटकाचे दांडे खाली येत होते.

“हं!” आर्लिसबाई म्हणाल्या. “वाचलो! तीन सेकंदांनी.”

सेल्मर पावाची पिशवी धरून सरळ समोर बघत होते.

“बाई,” ते म्हणाले.

“काय?”

“आपण कशापासून वाचलो?”

आर्लिसबाईंनी करकचून ब्रेक दाबला. आरशात पूल वर चढत होता. “अगं आई गं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून एवढंच, तीन-चार वेळा.

पॉइंटवर काही टवाळ लोक आजही म्हणतात, की पाय सवयीनं पडलाच नाही. जहाज एकदा दिसलं की सेल्मर पुन्हा कशाला येतील, असं त्या पायाला वाटलं असणार. “तुमच्या जिभेला हाड नाही,” एवढंच आर्लिसबाई यावर म्हणतात. मी त्यांच्या बाजूची आहे. चव्वेचाळीस वर्षं एकच काम केलेला पाय आहे तो. त्याला कुणाच्या मनातलं विचारायला वेळ नसतो.

पॉइंटच्या बाजूलाही कालव्याला धक्का आहे, पण त्या महिन्यात त्याची डागडुजी चालू होती आणि सगळीकडून कुंपण घातलेलं. आर्लिसबाई मोटार तशीच सोडून कुंपणापर्यंत गेल्या, जाळीला हात लावून पाहिला, परत आल्या. दोन घरांच्या फटीतून एक पिवळा डोलकाठीचा शेंडा संथपणे सरकताना दिसला. कालव्यापलीकडे भिंतीवर लोक ओरडत होते, हात हलवत होते. त्यांच्यात सर्वांत पुढं दोन रिकाम्या खुर्च्या, घोंगडी पांघरून.

“तिथून जेमतेम दोन मिनिटं दिसतं,” सेल्मर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. “गेली असतील दोन मिनिटं.”

ते असं म्हणाले ते तक्रार म्हणून नाही, हे सेल्मर शपथेवर सांगतात. आर्लिसबाईंना मात्र ते जिव्हारी लागलं. अकरा वर्षं हा माणूस येतोय. पाऊस, कापणी, कशाकशानं त्याचं जहाज चुकवलं, आणि शेवटी, जेव्हा सगळं जमून आलं होतं, तेव्हा आपण. त्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या. मग एकदम मान वर केली.

“बसा,” त्या म्हणाल्या. “दार लावा. घट्ट.”

“आता कुठं?”

“घरी!”

आमच्या रस्त्यावर पोरं खेळतात म्हणून वेगावर बंधन आहे, आणि ते पाळलं जावं म्हणून आर्लिसबाईंनीच सह्या गोळा केल्या होत्या. त्या दिवशी त्यांची मोटार आमच्या दारावरून गेली तेव्हा मी अंगणात पानं गोळा करत होते, ती सगळी पुन्हा पसरली. मोटार अर्धवट त्यांच्या अंगणात, अर्धवट रस्त्यावर थांबली. दोन्ही दारं उघडली.

“मागून! वाळूवरून!” त्या ओरडत होत्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“जहाज!” आर्लिसबाई म्हणाल्या, आणि हा शब्द त्यांच्या तोंडून अशा आवाजात मी कधी ऐकला नव्हता.

त्यांच्या परसातून एक पाऊलवाट वाळूची टेकडी चढून सरोवराच्या काठाला उतरते. वाळू मऊ, पाय रुतणारी. सेल्मर हातांनी गवत धरून चढत होते. पावाची पिशवी अजून काखेत.

“धावू नका! गुडघा!”

“गुडघा माझा आहे, बाई!”

“आणि वाळू माझी! इकडून या, इथं फळ्या टाकल्यात.”

आर्लिसबाईंनी सेल्मरची बाही धरली की सेल्मरनी त्यांची, ते मला मागून नीट दिसलं नाही. दोघं टेकडीच्या माथ्यावर पोचले आणि थांबले. मी जरा खाली, परसाच्या कडेलाच राहिले.

‘आर्दिता’ नुकतंच कालव्याच्या तोंडावरच्या दोन दीपगृहांमधून बाहेर पडलं होतं. भिंतीवरून जहाज पाहिलं तर एक लोखंडी भिंत समोरून सरकते, तेवढंच. डोकं कुठं नि शेपूट कुठं, कळत नाही. इथून ते सबंध दिसत होतं. गर्द निळं, वर माल उचलायच्या चार पिवळ्या याऱ्या, मागे पांढरं घर. पश्चिमेचं ऊन त्याच्या अंगावर आडवं पडलं होतं. ते पाण्यात खोल बसलं होतं.

सेल्मरनी टोपी मागे सरकवली. जहाज या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखलं. बाजूला आर्लिसबाई धाप आवरत त्यांच्याकडे चोरून पाहत होत्या.

“भरलंय,” शेवटी ते म्हणाले.

“हो?”

“तळाचा लाल रंग दिसतोय का पाण्यालगत? अगदी चिंधीएवढा. रिकामं असतं तर पुरुषभर जास्त दिसला असता. चांगलं ठासून भरलंय. चालतंय बघा कसं. भरलेला ट्रक असाच चालतो, घाई न करता.”

तेवढ्यात जहाजानं निरोपाचा भोंगा दिला, एक लांब आणि दोन आखूड. मागून पुलानं तसंच उत्तर दिलं. आवाज पाण्यावरून गेला, शहराच्या डोंगरावर आपटला आणि थोडा उशिरा परत आला. सेल्मरनी हात वर केला. डेकवर कुणीतरी एक ठिपक्याएवढा माणूस काम करत होता, त्याला ते दिसणं शक्य नव्हतं. तरी त्यांनी हात बराच वेळ वर ठेवला.

“सेल्मर,” आर्लिसबाई म्हणाल्या, “मी चुकले. भिंतीवरून किती जवळून दिसलं असतं. त्या पोरांना हाक मारता आली असती.”

“काय म्हणून हाक मारली असती? गहू सांभाळा?”

“काही पण.”

“बाई, भिंतीवर दोन मिनिटं. आणि मग मोटारींच्या रांगेत अर्धा तास.” त्यांनी हात खाली घेतला आणि पिशवीतून पाव काढून त्याचे दोन तुकडे केले. एक त्यांना दिला. “मी सपाट मुलखातला माणूस आहे. आमच्याकडे म्हणतात, कुत्रा पळाला तर तीन दिवस पाठमोरा दिसत राहतो. जाणारी गोष्ट जवळून नाही बघायची. अशी बघायची.”

आर्लिसबाईंनी पाव खाल्ला. तो अजून कोमट होता. वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस तोंडावर येत होते आणि त्या ते एका हातानं धरून उभ्या होत्या. चव्वेचाळीस वर्षं ज्या टेकडीच्या पायथ्याशी त्या राहत होत्या, तिच्यावर उभं राहून त्यांनी आजवर जाणारं जहाज कधी पाहिलं नव्हतं. जहाज गेलं म्हणजे पूल उतरला, आणि पूल उतरला म्हणजे निघायचं, एवढाच त्यांचा जहाजाशी संबंध. आता पूल केव्हाच उतरला असणार. मागे रस्त्यावर थांबलेल्या मोटारी एकामागून एक घरी येत होत्या.

जहाज हळूहळू लहान झालं. आधी निळा रंग गेला. मग याऱ्या एकमेकींत मिसळल्या. शेवटी नुसतं ते मागचं पांढरं घर राहिलं, पाण्यावर ठेवलेल्या साखरेच्या खड्यासारखं. सरोवर शांत होत चाललं होतं.

“पोचेल कधी?” आर्लिसबाईंनी विचारलं.

“तीन आठवडे म्हणतात.”

“आणि मग मॅकरोनी.”

“मग मॅकरोनी.” सेल्मर म्हणाले, “लार्सला सांगेन. त्याचा गहू पुढच्या ऑक्टोबरात निघेल. त्याला मुलगी लहान, त्याला कुठं यायला जमणार. कुणीतरी बघायला पाहिजे.”

आर्लिसबाईंनी केस मागे घेतले.

“मागची खोली ऑक्टोबरात थंड पडते,” त्या म्हणाल्या. “पुढची देईन.”

“चालेल.”

“आणि स्वेटर अंगात घालून यायचं. हातात धरून नाही.”

“बरं.”

ऊन गेलं. मला तर केव्हाचंच काही दिसत नव्हतं, आर्लिसबाईंनाही दिसत नसावं, कारण त्या डोळे बारीक करून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होत्या.

“अजून दिसतंय?”

“मला दिसतंय,” सेल्मर म्हणाले.

“कुठं?”

“त्या ढगाच्या खाली. अगदी कडेला.”

आर्लिसबाईंनी त्या बाजूला पाहिलं. मग वाळूत पाय जरा घट्ट रोवले आणि स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली.

“बघा तुम्ही,” त्या म्हणाल्या. “दिसेनासं झालं की सांगा. मग कॉफी ठेवते.”